बरणीतले रूप आणि पेशीतली संख्या

मद्रासच्या एग्मोर भागातील सरकारी संग्रहालय १८५१ साली सुरू झाले. अशा जुन्या संग्रहालयांतून हिंडताना एका दालनापाशी आपली पावले हमखास मंदावतात. काचेच्या बरण्यांतून, मद्यार्कात बुडवून ठेवलेले समुद्राचे जीव तेथे ओळीने मांडलेले असतात. त्यांचा मूळचा रंग उडालेला असतो. पण नांगीचा बाक, पायांची सांध, कवचावरचे काटे हे सारे जसेच्या तसे राहिलेले असते. खाली चिठ्ठीवर नाव, ठिकाण आणि किती वाव पाण्यातून तो जीव वर काढला ती खोली. या जिवाविषयी सांगण्यासारखे सारे या चिठ्ठीत आले, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात त्या बरणीत एक गोष्ट नसते. आणि ती का नसते, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

१८८८ या एका वर्षात दोन घटना घडल्या. त्यांचा परस्परांशी संबंध आहे, असे त्या काळी कोणाच्याही मनात आले नसेल. त्या वर्षी जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायर याने, पेशीचे विभाजन होताना तिच्या केंद्रकात दिसणाऱ्या व रंग चटकन शोषून घेणाऱ्या सूक्ष्म धाग्यांना ‘क्रोमोसोम’ हे नाव दिले. आपण त्यांस गुणसूत्रे किंवा रंगसूत्रे म्हणतो. त्याच वर्षी इंग्लंडात ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सागरी मोहिमेच्या अहवालमालेतील सत्ताविसावा प्राणिशास्त्रीय खंड बाहेर पडला. त्यातील अनोम्युरा गटाच्या कवचधारी प्राण्यांवरील अहवाल जॉन रॉबर्टसन हेंडरसन याने लिहिला होता. हा एडिनबरोला वैद्यक शिकलेला तरुण मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात जीवशास्त्राचा प्राध्यापक होता.

‘चॅलेंजर’ची सफर १८७२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि १८७६ च्या मे महिन्यात संपली. या साडेतीन वर्षांत जहाजाने जवळजवळ एकोणसत्तर हजार सागरी मैल अंतर काटले. ते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला मात्र लागले नाही. आफ्रिकेच्या टोकाहून ते दक्षिणेकडच्या हिमसमुद्रात शिरले आणि तेथून ऑस्ट्रेलियाकडे वळले. त्याने आणलेल्या जिवांचे वर्णन करण्यास पुढे वीस वर्षे पुरली नाहीत, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अहवालाचे पन्नास खंड पुरे होण्यास १८९५ साल उजाडले.

हेंडरसनच्या वाट्याला आलेला गट चमत्कारिक होता. अनोम्युरा या शब्दाचा अर्थ ‘ज्यांची शेपटी नियमाबाहेरची’ असा होतो. शेवंडीची शेपटी लांब व सरळ असते. खेकड्याची आखूड होऊन पोटाखाली दुमडलेली असते. या दोहोंच्या मधल्या वाटेवर उभे असलेले जीव ते हे. रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटणारा व वाढता वाढता बिऱ्हाड बदलणारा खेकडा आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही पोरासोरांच्या ओळखीचा आहे. तो याच गटातला. खोल समुद्राच्या तळाशी राहणारे, बसक्या शेवंडीसारखे दिसणारे लहान जीवही यातलेच. हेंडरसनने १८८५ मध्ये त्यांपैकी एकाला ‘म्युनिडॉप्सिस सबस्क्वामोझा’ असे नाव दिले. जपानजवळ तीन हजार मीटरांहून अधिक खोलीवरून तो जीव वर आला होता. या वंशातील प्राण्यांचे डोळे रंगद्रव्यावाचून फिकट असतात. जेथे सूर्याचा किरण कधी पोचत नाही, तेथे त्यांची वस्ती असते.

त्या काळी ख्रिश्चन कॉलेज मद्रास शहराच्या जुन्या भागात, बंदराजवळ होते. तांबरमला ते १९३७ साली गेले. समुद्राच्या काठी राहून हेंडरसनने दूरच्या समुद्रांबरोबर जवळच्या समुद्राचाही अभ्यास केला. संग्रहालयाचा अधीक्षक एडगर थर्स्टन याने मन्नारच्या आखातातून आणलेले नमुने त्याच्या हाती आले, आणि १८९३ साली भारतीय कवचधारी प्राण्यांवरील त्याचा मोठा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीने प्रसिद्ध केला. पुढे थर्स्टननंतर तोच संग्रहालयाचा अधीक्षक झाला. निवृत्तीनंतर १९२१ मध्ये त्याने हैदरअली व टिपू सुलतान यांच्या नाण्यांवरही एक पुस्तक लिहिले. नाणे असो वा खेकडा, वस्तू हाती घ्यावी, तिचा बारीकसारीक तपशील पाहावा, दुसऱ्या वस्तूशी तिची तुलना करावी आणि तिची जागा ठरवावी, अशी ती शिस्त होती. त्या शिस्तीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. नाव ठरल्यावाचून पुढचा कोणताही प्रश्न विचारता येत नाही.

हिंदी समुद्राच्या तळाचा शोध त्याच सुमारास ‘इन्व्हेस्टिगेटर’ या जहाजावरून सुरू झाला. हे जहाज आपल्या मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेले होते. सागराची मोजणी करून नकाशे तयार करणे हे त्याचे मुख्य काम. पण त्यावर एक वैद्य-निसर्गशास्त्रज्ञ असे, आणि सवड मिळेल तेव्हा तो तळाशी जाळे सोडी. त्यांच्यापैकी आल्फ्रेड अल्कॉक याने १९०१ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयातील खोल समुद्राच्या दशपाद कवचधारींची वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली. बंगालच्या उपसागराच्या आणि अरबी समुद्राच्या तळाशी कोण राहते, याचे पहिले भरवशाचे उत्तर त्या सूचीने दिले. पण हेंडरसनच्या अहवालाप्रमाणेच अल्कॉकच्या सूचीतही बाह्यरूपाचे वर्णन आहे. त्या जिवांच्या बीजपेशींत किती गुणसूत्रे असतात, याविषयी त्यात काही नाही.

या दोघांना कुतूहल कमी होते म्हणून असे झाले नाही. गुणसूत्रांचा अभ्यास त्या वेळी जोरात सुरू होता, आणि गंमत अशी की त्यात कवचधारी प्राण्यांचाच मोठा वाटा होता. मात्र ते कवचधारी समुद्रतळाचे नव्हते. ते डबक्यातले, तळ्यातले व मिठागरातले होते. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे ऑगुस्ट वाइजमान याने डॅफ्निया नावाच्या पाणपिसवेची अंडी तपासली. ही पाणपिसू उन्हाळ्यात नरावाचूनच अंडी घालते व त्यांतून पिले निघतात. साधारणतः अंडे पक्व होताना आपल्यातील केंद्रकद्रव्याचा काही भाग दोन लहान गोळ्यांच्या रूपाने बाहेर टाकते. या गोळ्यांना ध्रुवपिंड म्हणतात. नरावाचून वाढणाऱ्या अंड्यातून मात्र एकच ध्रुवपिंड बाहेर पडतो, असे वाइजमानला आढळले. त्यावरून, आणि आनुवंशिकतेच्या एकंदर विचारातून, तो १८८७ मध्ये एका महत्त्वाच्या निष्कर्षाप्रत आला: पितृबीज व मातृबीज एकत्र येण्यापूर्वी प्रत्येकाने आपले आनुवंशिक द्रव्य निम्मे केलेच पाहिजे, तसे नसते तर प्रत्येक पिढीत ते दुप्पट होत गेले असते. त्याची दृष्टी अधू होती व सूक्ष्मदर्शकावर फार वेळ काम करणे त्याला सोसत नसे. जे डोळ्यांनी पुरते पाहिले नव्हते, ते त्याने तर्काने सांगितले.

ते डोळ्यांनी पाहण्याचे काम इतरांनी केले. रूकर्ट याने सायक्लॉप्स या तळ्यातील सूक्ष्म कवचधारी जिवाची अंडी निवडली. त्याची गुणसूत्रे संख्येने थोडी व आकाराने बरी ठळक असतात. १८९५ मध्ये त्याने दाखविले की फलन झाल्यानंतरच्या प्रारंभीच्या विभाजनांतही बापाकडून आलेले द्रव्य व आईकडून आलेले द्रव्य एकमेकांत विरघळून जात नाही. दोन्ही शेजारी शेजारी, आपापले अस्तित्व राखून नांदतात. ब्राउअर याने मिठागरातील आर्टेमिया या जिवाच्या अंड्यांचा अभ्यास केला. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागतात, मग जोडीतील एकेक सूत्र वेगळे होते आणि संख्या निम्मी होते, या क्रियेला १९०५ मध्ये ‘मायोसिस’ असे नाव मिळाले. मेंडेलच्या नियमांना या क्रियेत शारीरिक आधार आहे, हे तत्पूर्वीच, १९०२-०३ मध्ये, सटन व बोव्हेरी यांनी ओळखले होते.

मग खोल समुद्राच्या जिवांची गुणसूत्रे का पाहिली गेली नाहीत? याचे उत्तर बरणीतच आहे. गुणसूत्रे ही पेशीत सदासर्वकाळ मोजता येण्याजोग्या रूपात नसतात. पेशी विभागली जात असतानाच ती आखडून, जाड होऊन दिसू लागतात. नराच्या वृषणात किंवा मादीच्या अंडाशयात ती पाहावयाची, तर जीव जिवंत असता वा मरताक्षणीच तो अवयव बाहेर काढावा लागतो, त्याचे लहान तुकडे करून योग्य त्या द्रावणात लगेच टाकावे लागतात. संपूर्ण प्राणी मद्यार्काच्या बरणीत सोडला, तर जाड कवचातून मद्यार्क आत झिरपेपर्यंत आतल्या पेशी सडू लागलेल्या असतात. बाहेरचे रूप टिकते. आतली संख्या नाहीशी होते.

तळसमुद्राच्या बाबतीत याहून मोठी अडचण असते. दोन-तीन हजार मीटर खाली पाण्याचे तापमान दोन-तीन अंश असते. बंगालच्या उपसागराचा पृष्ठभाग वर्षातील बराच काळ अठ्ठावीस अंशांच्या आसपास तापलेला असतो. इतक्या खोलीवरून जाळे वर ओढण्यास काही तास लागतात. कवचधारींच्या शरीरात माशासारखी हवेची पिशवी नसल्याने दाब कमी झाल्याने ते लगेच फुटत नाहीत. पण कोमट पाण्याचा थर ओलांडताना ते मरतात किंवा मरणोन्मुख होतात. जहाजाच्या फळीवर येते ते बहुधा प्रेत असते. वर्णनकाराला प्रेत चालते. पेशीशास्त्रज्ञाला ते चालत नाही.

म्हणून खोल पाण्यातील जिवांविषयी जे काही म्हणावयाचे, ते त्यांच्या उथळ पाण्यातील आप्तांवरून म्हणावे लागले. आणि हे आप्त तरी सोपे होते काय? जपानमधील होक्काइदो विद्यापीठाचे निइयामा यांनी अनेक वर्षे दशपाद व इतर कवचधारी प्राण्यांची गुणसूत्रे मोजली आणि १९५९ मध्ये त्यांचा तौलनिक आढावा प्रसिद्ध केला. कामचट्काच्या राजखेकड्यात त्यांना २०८ गुणसूत्रे आढळली. ओखोत्स्कच्या समुद्रातील शंखवासी खेकड्यात २५४. हे दोघेही हेंडरसनच्याच गटातले, म्हणजे अनोम्युरा. माणसात ही संख्या ४६ आहे. आणि तीसुद्धा १९५६ पर्यंत ४८ समजली जात होती. ज्या जातीचा अभ्यास जगभरच्या वैद्यकाने केला, तिच्याविषयी तीसेक वर्षे दोनाची चूक टिकून राहिली, तर ठिपक्यांएवढी २५४ सूत्रे एका पेशीत मोजणाऱ्याच्या चिकाटीला काय म्हणावे?

या संख्येचा अर्थ मात्र जपून लावावा लागतो. गुणसूत्रे जास्त म्हणून प्राणी अधिक प्रगत, असा काही नियम नाही. संख्या मोठी असते तेव्हा सूत्रे बहुधा लहान असतात. तरीही एक गणित लक्षात घेण्यासारखे आहे. बीजपेशी तयार होताना प्रत्येक जोडीतील कोणते सूत्र कोणत्या पेशीत जावे, हे जवळजवळ नाणेफेकीसारखे ठरते. माणसाच्या २३ जोड्यांतून अशा ८३ लाखांहून अधिक जुळण्या होऊ शकतात. शंखवासी खेकड्याच्या १२७ जोड्यांतून होणाऱ्या जुळण्यांची संख्या लिहावयाची झाली, तर ३९ आकडे लागतील. समुद्राच्या काठी शंख पाठीवर घेऊन तुरुतुरु पळणाऱ्या त्या जिवाच्या अंगात विविधतेची एवढी शक्यता साठलेली असते.

या प्राण्यांची शुक्रपेशीही वेगळ्या घाटाची. आपल्या कल्पनेतील शुक्रपेशीला शेपटी असते व ती पोहत जाते. खेकडे, शेवंडी, शंखवासी यांच्या शुक्रपेशीला शेपटी नसते. ती पोहत नाही. अनोम्युरा गटात तिला तीन लांब हात असतात व एक कुपी असते; अंड्याशी गाठ पडताच ती कुपी उलटी होऊन बाहेर पडते आणि केंद्रकद्रव्याला आत शिरण्यास वाट करून देते. रशियन शास्त्रज्ञ कोल्त्सोव्ह याने १९०६ मध्ये या पेशींचा विस्तृत अभ्यास केला. आपल्याकडे लाहोरच्या विश्वनाथ यांनी १९३० नंतरच्या दशकात गोड्या पाण्यातील खेकड्याच्या शुक्रपेशीवर काम केले. बहुतेक प्राण्यांच्या शुक्रपेशीत गुणसूत्रांचे द्रव्य घट्ट दाबून बसविलेले असते. दशपादांच्या शुक्रपेशीत ते सैल, विरळ पसरलेले असते. बरणीवरच्या चिठ्ठीत यातले काहीच येत नाही.

आता पुन्हा मद्रासकडे येऊ. ज्या गटाच्या तळसमुद्रातील प्रतिनिधींना हेंडरसनने नावे दिली, त्याचा एक प्रतिनिधी मरीना किनाऱ्यावर, पायाला लाट लागते तेथेच राहतो. त्याचे शास्त्रीय नाव इमेरिटा एशियाटिका. लाट मागे हटू लागली की हा अंड्याच्या आकाराचा जीव पाठीमागून वाळूत शिरतो व मिशांची जाळी पसरून वाहत्या पाण्यातले सूक्ष्म खाद्य गोळा करतो. एम. कृष्ण मेनन यांनी मद्रासच्या दशपादांच्या बाल्यावस्थांचे वर्णन केले, व ते १९३३ मध्ये मद्रासच्या संग्रहालयाच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. पुढे मद्रास विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातील टी. सुब्रमण्यम यांनी याच जिवाच्या प्रजननाचा अभ्यास हाती घेतला, आणि १९८१ मध्ये एक विलक्षण गोष्ट मांडली. हा जीव जेमतेम साडेतीन मिलिमीटरांचा असतानाच नर म्हणून कार्यक्षम होतो. वाढत जातो तसा त्याचा नरपणा ओसरतो. आणि कवच सुमारे एकोणीस मिलिमीटरांचे झाले की तो मादी होतो. मधल्या अवस्थेत एकाच अवयवात वृषण व अंडाशय दोन्ही दिसतात.

या शोधाचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे. लिंग गुणसूत्रांवरून ठरते, हे आपण शाळेत शिकतो, आणि अनेक कवचधारींतही ते खरे आहे. पण मरीनाच्या वाळूतला हा जीव नर असताना त्याच्या पेशींत जी गुणसूत्रे असतात, तीच मादी झाल्यावरही असतात. एकाच संचातून तो प्रथम शुक्रपेशी घडवितो व नंतर अंडपेशी. म्हणजे बरणीत न मावलेले सगळे गुणसूत्रांच्या संख्येत सापडेल, ही आशाही अपुरी ठरते. प्राणी वयाच्या, आकाराच्या आणि परिस्थितीच्या संगतीत आपला वारसा कसा वापरतो, हे जिवंत प्राण्याकडेच पाहावे लागते.

गुणसूत्रांच्या विद्येला मद्रासमध्ये आसरा नव्हता, असे मुळीच नाही. मरीनासमोरील प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेल्या व विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकविलेल्या जानकी अम्माळ यांनी डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांची सूची १९४५ मध्ये सिद्ध केली. ती जगभर वापरली गेली. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्या पुन्हा या शहरी आल्या, आणि १९८४ साली निधन होईपर्यंत मद्रास विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात काम करीत राहिल्या. ऊस, वांगे, वनौषधी यांची गुणसूत्रे वाचणे त्यांना शक्य झाले, कारण रोप अंगणात लावता येते व कळी हवी तेव्हा खुडता येते. समुद्रतळ अंगणात आणता येत नाही.

तो आणता येत नसेल, तर माणसाने तेथे जावे, हा विचार आपल्या काळात फळाला आला. १९७७ मध्ये गालापागोस बेटांजवळ ‘अ‍ॅल्विन’ या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना समुद्राच्या तळाशी उष्ण झरे व त्यांभोवती दाटलेली जीवसृष्टी आढळली. पुढे अशा झऱ्यांपाशी म्युनिडॉप्सिस वंशातले जीवही दिसले. हेंडरसनने कागदावर पाहिलेले कुल प्रत्यक्ष हालचाल करताना माणसाने पाहिले. जीव थंड, बंद पेटीत घालून वर आणणे व दाबाच्या भांड्यात जगविणे साधल्यावर काही मोजक्या जातींच्या गुणसूत्रांपर्यंतही अभ्यासक पोचले. ज्ञात जातींच्या मानाने ही गणती फारच थोडी आहे.

मद्रासचे नाव १९९६ मध्ये चेन्नई झाले. तत्पूर्वी तीन वर्षे, १९९३ मध्ये, येथे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्या दूरनियंत्रित पाणबुडीने २०१० मध्ये पाच हजार मीटरांपेक्षा अधिक खोली गाठली. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या खोल महासागर मोहिमेत, तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी ‘मत्स्य’ पाणबुडी बांधण्याचे कामही याच संस्थेकडे आले. त्याच २०२१ साली या संस्थेने मध्य हिंदी महासागराच्या तळावर पाच हजार मीटरांहून अधिक खोल एक खनन यंत्र चालवून पाहिले. त्या तळावर निकेल, तांबे, कोबाल्ट व मँगनीज असलेले गोळे पसरलेले आहेत, आणि पंचाहत्तर हजार चौरस किलोमीटरांच्या टापूत त्यांचा शोध घेण्याचा करार भारताने २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाशी केलेला आहे.

देशाला धातू लागतात, हे कोणी नाकारणार नाही. पण जो गोळा उचलावयाचा, त्याच्या भोवतालच्या चिखलात हेंडरसन व अल्कॉक यांच्या सूचीतील कुळांचे जीव राहतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची बाह्याकृती तेवढी आपल्याला माहीत आहे. कित्येकांची तीही नाही. त्यांची बीजे कशी तयार होतात, त्यांच्या पिढ्या किती सावकाश येतात, एकदा उखडलेली वस्ती पुन्हा भरण्यास किती काळ लागेल, या प्रश्नांची उत्तरे बीजपेशींच्या अभ्यासावाचून मिळणार नाहीत. तळ नांगरून झाल्यावर हा अभ्यास करू म्हटले, तर अभ्यासाला बरणीतली प्रेतेच उरतील, आणि त्यांच्यातून काय हाती लागत नाही ते आपण पाहिलेच आहे.

१८८८ साली एका शब्दाने आणि एका अहवालाने दोन वाटा सुरू केल्या. एक वाट जिवाचे रूप सांगत गेली, दुसरी त्याच्या वारशाचे मूळ शोधीत गेली. सव्वाशेहून अधिक वर्षे त्या तळसमुद्राच्या बाबतीत क्वचितच भेटल्या. आज संग्रहालय, विद्यापीठ आणि समुद्रतळाशी उतरणारे यंत्र ही तिन्ही एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर उभी आहेत. खाली जाणाऱ्या त्या पाणबुडीत धातूच्या नमुन्यांच्या पेटीशेजारी पेशी राखण्याच्या द्रावणाची एक लहान कुपीही असावी, एवढीच अपेक्षा आहे. तिला जागा फार लागत नाही.